मन जागेवर, मुक्ता बेपत्ता

चहाचा कप आधी खाली ठेवा. हो, ठेवाच. हा किस्सा मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीला सांगितला तेव्हा तिच्या नाकातून चहा आला होता, आणि माझ्या सोफ्याचं कव्हर नवीन आहे.

सगळं सुरू झालं ते एका ओळीपासून. मुक्ताच्या शाळेच्या डायरीत, लाल पेनाने. मुक्ता म्हणजे माझी लेक, वय वर्षं पाच, यूकेजी. ओळ इंग्रजीत होती, पण मतलब असा: 'मुक्ताचं वर्गात लक्ष नसतं. काही विचारलं की भलतीकडेच बघत राहते. पालकांनी लक्ष घालावं.'

झालं! त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारी मुक्ता माझ्या पोटावर पाय टाकून घोरत होती आणि मी छताकडे बघत तिचं पुढचं आयुष्य जगून घेत होते. आधी ती पहिलीत मागे पडली. मग दहावीत. मग नोकरीच्या मुलाखतीला गेली, साहेबांनी नाव विचारलं, आणि ही पंख्याकडे बघत बसली! पहाटेपर्यंत ती चाळीस वर्षांची झाली होती, आणि कुठल्याशा डॉक्टरीणबाईंसमोर बसून सांगत होती, "सगळं माझ्या आईमुळे झालं."

नवऱ्याला हलवलं. "विनय, अरे, लक्ष नसतं तिचं!"

"कुणाचं?"

"मुक्ताचं!"

"हं," असं म्हणून विनय कूस बदलून झोपला. म्हणजे दोष आनुवंशिक असणार आणि कुठल्या बाजूचा, तेही मला तेव्हाच कळलं. निदान तेव्हा तरी तसं वाटलं होतं.

आता यात पिलाटीज कुठून आलं, ते सांगते.

बाळंतपणापासून माझी कंबर दुखते. डॉक्टर म्हणाले, पोटापाठीच्या आतल्या स्नायूंना काम द्या. म्हणून मी इथे हैदराबादेत, तारनाक्याला, एका मेडिकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर पिलाटीज नावाच्या व्यायामाच्या क्लासला जाते. चटईवर पडायचं, श्वास बरगड्यांत भरायचा, बेंबी पाठीकडे ओढायची, आणि पाठीचा एकेक मणका असा सावकाश खाली टेकवायचा, जणू कुणी कपाटात काचेच्या बशा रचतंय. दिसायला काहीच नाही हो! बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आठ बायका दुपारची झोप काढताहेत.

माझ्या सासूबाईंचं तर स्पष्ट मत आहे. त्यांचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवाडीचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत. त्यामुळे त्यांच्या मराठीला या शहराची फोडणी आहे. पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "श्वास घ्यायला क्लासला जायलीस? मग इतके दिवस काय करायलतीस गं माय?"

क्लास घेतात त्या शैलजा मॅम. पन्नाशी ओलांडलेल्या, तेलुगू, पाठ इतकी सरळ की बसल्या तरी उभ्या वाटतात. त्यांचे नियम तीन. चपला बाहेर जिन्यावरच्या रॅकवर. फोन दाराजवळच्या वेताच्या टोपलीत. आणि शेवटची दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं ते त्यांची पितळी घंटी वाजेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही.

त्या दहा मिनिटांसाठीच सगळा खटाटोप आहे, असं त्यांचं म्हणणं. "शरीर इदर, मन बाजार में, तो क्या फायदा?" त्या विचारतात. "मणका हिला, तुमकू मालूमिच नै हुआ, तो मणका कायकू हिलाया? ध्यान देव. मन भागा? भागने देव. डांटना नै. धीरे से हात पकडके वापस लाव."

ऐकायला किती छान ना? पण माझं मन भागलं की परत आणायला मलाच धावावं लागतं, आणि धावता धावता आम्ही दोघं मिळून कुठेतरी तिसरीकडेच जातो! डाव्या बरगडीपासून निघालेली मी उजव्या बरगडीपर्यंत पोचेतो गीझर बंद केला का, डब्यात चमचा घातला का, मुक्ताने तो चमचा खिडकीतून टाकला असेल का, तो कुणाच्या डोक्यात पडला असेल का, त्या माणसाला टाके पडले असतील का, इथवर जाऊन येते. सहा महिन्यांत मी घंटीच्या आधी डोळे उघडले नाहीत असा एक दिवस नाही. माझे डोळे सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे. क्लास बाराला संपतो, मुक्ताची शाळा सव्वाबाराला सुटते, आणि क्लासपासून शाळा पायी चांगली पंधरा मिनिटं. मी रोज बाराला पाच कमी असताना मांजरीसारखी उठते आणि पळते.

शिवाय मॅमनी माझ्यात आणखी एक दोष काढून ठेवला होता. "सायली, राइट हिप ऊपर है तुम्हारा. चलते वक्त ध्यान देव." म्हणजे माझ्या कंबरेची उजवी बाजू डावीपेक्षा वर आहे. मला तर आरशात कधी दिसलं नाही. पण ध्यान देत होते. हे तुम्ही पण ध्यानात ठेवा.

तर त्या लाल ओळीनंतर मी मॅमना विचारलं, "मॅम, लहान मुलांनाही हे ध्यान देणं शिकवता येतं का हो?"

"लेके आव एक दिन," त्या म्हणाल्या. "सिखाना क्या है? माँ को देखके सीखते बच्चे."

हे वाक्य त्यांनी चांगल्या हेतूनेच म्हटलं होतं, बरं का!

दोनच दिवसांत शाळेला सुट्टी आली. शिक्षकांचं कसलंसं ट्रेनिंग. सासूबाई सुलतान बाजारला निघाल्या होत्या, मुक्ताच्या परकराचं कापड घ्यायला. मला वाटलं, योग जुळून आला! सकाळी सासूबाईंना ठणकावून सांगितलंसुद्धा, "आई, आज मी मुक्ताला क्लासला नेतेय. एकाग्रता शिकवायला."

"हौ, शिकव बाई," त्या म्हणाल्या. "आणि उरली तर थोडी विनूसाठी घेऊन ये."

रोजच्यासारखी मी मुक्ताला आंघोळ घातली, दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या, बाटली भरली, हात धरला आणि निघाले. क्लासमध्ये मागच्या खिडकीपाशी एक छोटी चटई टाकून दिली. रंगाचे खडू, चित्रांची वही.

"मुकू, शेवटी मॅम सांगतील तेव्हा डोळे मिटायचे. घंटी वाजेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. काहीही झालं तरी! लक्ष द्यायचं फक्त. कळलं?"

मुक्ता माझ्याऐवजी रेड्डी आंटींकडे बघत होती. रेड्डी आंटी म्हणजे माझ्या शेजारच्या चटईवरच्या साठीच्या बाई, केसाला लावलेल्या मेंदीपासून पायातल्या जोडव्यांपर्यंत एकदम टापटीप. मी कपाळावर हात मारला. बघा! एवढं समोर बसून सांगतेय, आणि लक्ष आहे का?

क्लास सुरू झाला. श्वास, बेंबी, मणके. आणि मग ती दहा मिनिटं.

मी डोळे मिटले. मॅमचा आवाज आला, "टाच... पोटऱ्या... घुटना..." आणि मी वाट बघत होते, की आता पळेल, आता पळेल माझं मन. पळालं नाही! टाच म्हटलं की टाच. गुडघा म्हटलं की गुडघा. कंबर चटईवर टेकलेली, श्वास बरगड्यांत असा आला, असा गेला. खिडकीतून वारा येत होता, खालच्या दुकानाचं शटर वाजत होतं, आणि मी मात्र होते तिथेच होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा! खरं सांगते, इतकं बरं मला मुक्ता झाल्यापासून वाटलं नव्हतं.

का, ते मला नंतर कळलं. रोज मन पळायचं ते मुक्ताकडे. आज मुक्ता चार हातांवर होती. पळायला जागाच नव्हती. काळजी करायचं कारण गेलं आणि त्या कारणाबरोबर... मुक्ताही डोक्यातून गेली.

मी डोळे उघडले. समोर भिंतीवर घड्याळ.

बारा वाजून बारा मिनिटं!

अगं आई गं! शाळा!

तुम्ही आत्ता मनातल्या मनात ओरडताय ना? ओरडा. त्या खोलीत ओरडायला कुणी नव्हतं. सगळ्या डोळे मिटून पडलेल्या. मॅमचेसुद्धा डोळे मिटलेले. आज सगळ्यांचीच समाधी लागलेली, वेळेचं भान कुणालाच नाही. मी मांजरीसारखी उठले, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, रॅकपाशी पाय सरकवले आणि जिना उतरून जी सुटले!

टोपलीतला फोन? नाही घेतला. मन इतकं स्वच्छ झालं होतं की त्यात फोनही शिल्लक नव्हता.

पळता पळता मला एक गोष्ट जाणवली. अहो, मॅमचं बरोबर होतं! माझी उजवी बाजू खरंच वर होती. पाऊल टाकलं की उजवीकडून शरीर उचललं जायचं, डावीकडे धपकन खाली. टक-धप, टक-धप. सहा महिने जे आरशात दिसलं नाही ते आज एका ध्यानाने स्वच्छ जाणवलं! एवढ्या घाईतही मला स्वतःचं कौतुक वाटलं. म्हटलं, सायली, याला म्हणतात जाणीव.

लोक माझ्याकडे वळून बघत होते. म्हटलं, बघू देत. आईची घाई आहे.

शाळेचं गेट बंद. चिटपाखरू नाही. वॉचमन यादगिरी स्टुलावर बसून शेंगा सोलत होता.

"भैया, गेट खोलो!"

"कायकू मेडम?"

"कायकू म्हणजे? मेरी बेटी अंदर है!"

"अंदर कोई नै. आज छुट्टी है ना. टीचरां ट्रेनिंग कू गए. मैं हूं, और वो कुत्ता है."

कुत्र्याने शेपटी हलवून दुजोरा दिला.

आता कुणाही शहाण्या बाईला 'छुट्टी' हा शब्द ऐकल्यावर सगळं आठवलं असतं. मला काय आठवलं सांगू? की सुट्टी असतानाही मी मुलीला सकाळी शाळेत सोडलं! या बंद गेटपाशी! एकटी!

मी सकाळ आठवायला लागले. आंघोळ आठवली. वेण्या आठवल्या, लाल रिबिनी, बाटली, हात धरून दाराबाहेर... आणि पुढे? पुढे काही सापडेना. कारण आमची प्रत्येक सकाळ तीच असते हो! तीच वेणी, तीच बाटली, तोच हात. तीनशे सकाळींच्या गठ्ठ्यातून आजची कुठली ते ओढून काढायचं कसं? प्रत्येक वेणी घालताना मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असते! मॅम सांगून सांगून थकल्या होत्या, हात हलतो आणि तुम्हाला माहीतच नसतं.

"सुबह कोई बच्ची आई थी? दो चोटी, लाल रिबन?"

"नै आई, मेडम." यादगिरी माझ्याकडे न बघता खाली माझ्या पायांकडे बघत बोलत होता. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय! "मेडम, आप बैठो. पानी पिओ. तबियत ठीक नै दिखरी आपकी."

"पानी नक्को! फोन देव!"

त्याने फोन दिला. आणि मला कळलं की मला एकही नंबर पाठ नाही. नवऱ्याचा नाही, सासूबाईंचा नाही. जगात मला एकच नंबर पाठ आहे. माझ्या आईचा. पुण्याला.

"आई! मुक्ता हरवली!"

पलीकडून माझ्या आईचा थंड आवाज. "कोण बोलतंय?"

"अगं मी! सायली!"

"सगळे असंच म्हणतात."

"काय सगळे असंच म्हणतात? आई, मी रडतेय इथे!"

"रडतातसुद्धा. अनोळखी नंबरवरून फोन करायचा, मुलीचा आवाज काढायचा. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय सगळं. फसायची नाही मी."

"आई, देवाशपथ मीच आहे!"

"मग सांग, आपल्या घरी कुकरची जादा शिट्टी कुठे असते?"

"फ्रिजवर! स्टीलच्या वाटीत! रबरबँडच्या खाली!"

"अगं बाई! तूच की! काय झालं मुक्ताला?"

तिथून पुढे जे झालं त्यात माझा हात नाही. आईने पुण्याहून विनयला फोन केला, तो मीटिंगमधून उठला. मग तिने सासूबाईंना फोन केला. मग, माझी खात्री आहे, भजनी मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. पाच मिनिटांत तीन ठिकाणी रडारड. आणि मी? मी यादगिरीचा फोन त्याच्या हातात कोंबला आणि पुढच्या गल्लीतल्या बागेकडे धावले. तिथला घसरगुंडीचा झोपाळा... हे बघा, आत्ता सांगतानाही माझी जीभ वळत नाहीये. घसरगुंडी वेगळी, झोपाळा वेगळा. दोन्ही मुक्ताला आवडतात. दोन्ही रिकामे होते.

टक-धप, टक-धप करत मी बागेला दोन फेऱ्या मारल्या. झुडपांत बघितलं. पाण्याच्या टाकीमागे बघितलं. आणि मग, थट्टा बाजूला, एका बाकावर मटकन बसले. डोक्यात ती डायरीतली ओळ. लाल पेनाची. लक्ष नसतं, लक्ष नसतं. म्हटलं, बाई गं, हे मुक्ताबद्दल लिहिलंच नव्हतं कुणी.

"सायली! ए सायली!"

रस्त्यावर ऑटो उभी. ऑटोत सासूबाई. मांडीवर कापडाचं पुडकं, धड बांधलेलंसुद्धा नाही.

"आई!" मी धावले. "आई, मुक्ता..."

"बस आधी."

"अहो, मुक्ता हरवलीय!"

"मुक्ता क्लासात हाय."

"कुठल्या क्लासात? शाळा तर बंद आहे! मी आत्ता..."

"तुझ्या क्लासात गं माय! पिलाटीत! तूच नाही का सोबत नेलीस? एकाग्रता शिकवायलतीस ना लेकराला?"

मी ऑटोच्या दांडीला धरून उभी राहिले. आणि मग, एकेक मणका टेकावा तशी, सगळी सकाळ परत आली. वेणी. बाटली. हात. जिना. छोटी चटई. खिडकी.

"क्या हुआ अम्मा?" ऑटोवाल्याने वळून विचारलं.

"कुछ नै हुआ बेटा. बच्ची बी मिल गई, माँ बी मिल गई. चलाव."

मग सासूबाईंनी सांगितलं ते असं. त्या दुकानात होत्या, कापडाला कात्री लागलेली, तेवढ्यात पुण्याचा फोन. कापड तसंच गुंडाळून त्या उठल्या, ऑटो धरली. इकडे विनयने माझ्या फोनवर फोन लावला, आणि टोपलीतून तो उचलला शैलजा मॅमनी. मुक्ता हरवली, असं विनय ओरडला. मॅम म्हणाल्या, "मुक्ता तो इदरिच है. चित्र निकालरी. मम्मी किदर है?" म्हणजे त्या घटकेपासून हरवलेली मी होते! विनयने माझ्या आईकडून नंबर घेऊन यादगिरीला फोन केला, त्याने सांगितलं, "वो मेडम रोते रोते बगीचे की तरफ भागे, साब. थोडा लंगडरे थे." आणि मग विनयने अर्ध्या वाटेतल्या आपल्या आईला बागेचा पत्ता दिला.

"आणि मुक्ता?" मी विचारलं. "ती घाबरली असेल ना? आई टाकून गेली म्हणून?"

"ती?" सासूबाईंच्या तोंडावर हसू फुटायला लागलं होतं, पण त्यांनी दाबलं. "तिला मॅमनं इचारलं, मम्मी कुठं गेली? तर म्हणाली, मुझे लाने गई."

मी तोंड ओढणीत लपवलं. रडत होते की हसत होते, मलाही सांगता येणार नाही.

सासूबाईंनी मला वरून खालपर्यंत एकदा नीट बघितलं. खाली जरा जास्तच वेळ. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग विचार बदलून बाहेर बघायला लागल्या. मी म्हटलं, किती समजूतदार बाई. इतक्या मोठ्या चुकीवर एक टोमणा नाही.

थोडं पुढे गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "विनूला मी एकदा आबिड्सच्या पोस्टात इसरून आलते."

"काय?"

"हौ. तीन वर्षांचा होता. काउंटरवर बसवला, राखीचं पाकीट टाकलं, बसमधी चढले. दोन स्टॉप गेल्यावर कंडक्टरनं इचारलं, कितीजण? तवा आठवलं. पोस्टातल्या बाबूनं त्याला शिक्का मारायला दिलता हातात. कपाळावर शिक्के मारून बसलतं माझं लेकरू." त्यांनी माझा हात दाबला. "तुझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तू बी विनूला सांगू नको."

पंधरा मिनिटांपूर्वी मी जगातली सगळ्यात वाईट आई होते. आता निदान घरात दोघी होतो. इतकं हलकं वाटलं मला!

क्लासच्या जिन्याच्या वरच्या टोकाला रेड्डी आंटी भेटल्या. एका हाताने रॅक धरून, एका पायावर उभ्या. मला वाटलं, या वयात तोल सांभाळायचा व्यायाम क्लास सुटल्यावरही करताहेत, शिकावं यांच्याकडून! मी त्यांना हात जोडले. त्यांनीही काहीतरी म्हणायला हात वर केला, पण मी थांबते कशाला, मी आत.

मुक्ता चटईवर बसली होती. भोवती पाच-सहा बायका. तिने मोठं चित्र काढलं होतं आणि ती एकेकीला समजावून सांगत होती. कोण कुठे झोपलं होतं, कुणाच्या पायाच्या अंगठ्याला लाल रंग, कोण मधेच घोरलं, मॅमनी घंटी कुठल्या हाताने वाजवली. दाराशी एक पळती आकृती होती. तिचे केस उभे होते.

मी धावत जाऊन तिला कुशीत घेतलं. ती म्हणाली, "आई, मी हाक मारणार होते. पण मॅमची घंटी वाजली नव्हती."

बायका फस्सकन हसल्या. मी मॅमकडे बघितलं. आता ऐकवतील, म्हटलं. ऐकवा, हक्क आहे तुमचा.

मॅम माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मन भागा?"

"मन नाही, मॅम," मी म्हटलं. "आज मन जागेवर होतं. बाकी सगळं भागलं."

"कोई बात नै. डांटना नै." आणि त्यांनी मुक्ताचा हात उचलून माझ्या हातात दिला. बस. एवढंच.

हे बघा, मला अजून ते दहा मिनिटांचं सुख आठवतं. मी ते खोटं म्हणणार नाही. टाच म्हटल्यावर टाच, गुडघा म्हटल्यावर गुडघा. मी परत जाणार आहे तिथे. पण त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती. एकीकडे ते लाल पेन, आणि दुसरीकडे आजचा हा गोंधळ. या पोरीच्या मनावर काय ओरखडा उठला असेल? मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांत तिचा चेहरा घेतला.

"मुकू, आईचं चुकलं. खूप चुकलं. तुला राग आलाय? भीती वाटली होती?"

तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून घसरली, आणि माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी जमिनीवर जाऊन थांबली. हेच! डायरीत लिहिलं होतं ते हेच! विचारावं एक, आणि बघावं भलतीकडेच.

"मुकू, माझ्याकडे बघ ना. आई काय विचारतेय? लक्ष आहे का तुझं?"

दारात सासूबाई, त्यांच्यामागे रेड्डी आंटी, अजून एकाच पायावर. मुक्ताने आधी त्यांच्या पायाकडे बघितलं, मग परत माझ्या मागे जमिनीकडे बघितलं, आणि म्हणाली,

"आई, तुझ्या एका पायात तुझी चप्पल आहे आणि एका पायात त्या आंटींची उंच सँडल."